मान तुकवणं वेगळं, मान देणं वेगळं : सर्व धर्मांच्या गुरूंना खुले पत्र

प्रति,
पुरोहित, मौलवी, पाद्री, भिक्खू, रब्बी, मठाधिपती, कथेकरी आणि व्यासपीठावरून धर्म सांगणारे सगळे,

सादर नमस्कार.

‘लोक शिकले आणि धर्माचा मान गेला’ हे वाक्य मी इतक्या वेगवेगळ्या धर्मांच्या व्यासपीठांवरून ऐकलं आहे, की ते आता कोणा एकाचं राहिलेलं नाही. बोलणाऱ्याचा वेश बदलतो, पुढ्यातला ग्रंथ बदलतो, तक्रार तीच असते. पूर्वी माणसं ऐकायची, आता उलट विचारतात. पूर्वी आजारपण, भांडण, सोयरीक सगळं आमच्यापाशी यायचं, आता डॉक्टरकडे आणि वकिलाकडे जातं. शाळेनं पोरं हाताबाहेर गेली.

मी २२ वर्षं संध्याकाळच्या साक्षरता वर्गात मोठ्या माणसांना वाचायला शिकवलं. त्यामुळे ही तक्रार मला त्रयस्थासारखी ऐकता येत नाही. माझ्या हाताखाली अक्षरं गिरवलेली माणसं तुमच्यापुढे येऊन बसतात आणि तुम्हाला प्रश्न विचारतात. मी स्वतः श्रद्धा असलेल्या घरातला आहे. रोज प्रार्थना करतो. ज्यांचा आधार वाटला असे दोन-तीन धर्मगुरू माझ्या आयुष्यात होऊन गेले. धर्म कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिला, तर बाकीच्यांना वाटेल की हे आपल्यासाठी नाही.

मला जे सांगायचं आहे ते एका बाईंपासून सुरू होतं. वर्गातले सगळे त्यांना मावशी म्हणायचे, मीही म्हणायचो. पन्नाशी उलटल्यावर त्या शिकायला आल्या. पहिल्याच दिवशी त्यांच्या काखेत कापडात गुंडाळलेला एक जाड ग्रंथ होता. त्यांच्या धर्माचा, मराठी भाषांतरातला. तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “सर, मला एवढंच वाचायला शिकवा. बाकी काही नको.” मी समजावलं, की आधी सोपी पुस्तकं घेऊ, मग याकडे येऊ. त्यांनी ते मान्य केलं. पण तो ग्रंथ रोज सोबत आणायच्या आणि पाटीशेजारी ठेवून अक्षरं गिरवायच्या.

आठ-नऊ महिन्यांनी त्यांनी तो उघडला. ओळीखालून तर्जनी सरकवत, ओठ हलवत वाचायच्या. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं, नखाची कड त्या अक्षरावर टेकून राहायची, आणि ते सुटलं की मगच पुढे जायचं. रोज पान-दीड पान. असं करत दीड वर्षात त्यांनी सगळा ग्रंथ संपवला. शेवटचं पान झालं त्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, ते वाक्य यात नाही.”

कोणतं वाक्य, असं मी विचारलं तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, की या बाई वाचायला का शिकल्या. तीस वर्षांपूर्वी त्यांचं चार वर्षांचं मूल तापानं गेलं होतं. त्या वेळी त्या ज्यांच्या शब्दाला देवाचा शब्द मानायच्या त्या धर्मगुरूंनी सांगितलं होतं, की आईच्या हातून घडलेल्या पापामुळे मूल जातं, ग्रंथातच तसं लिहिलं आहे. कोणतं पाप, त्याचं प्रायश्चित्त काय, हे विचारायचा धीर त्यांना झाला नाही. तीस वर्षं त्या ते ओझं घेऊन जगल्या. अक्षरं शिकल्या त्या फक्त ते वाक्य शोधायला. आपलं नेमकं काय चुकलं हे देवाच्या शब्दांत वाचायला.

वाक्य नव्हतंच.

मावशींनी प्रार्थना सोडली नाही. ग्रंथ तर आता जास्तच वाचू लागल्या. मात्र त्या धर्मगुरूंसमोर आल्यावर आपसूक खाली जाणारी त्यांची मान त्यानंतर तशी कधी गेली नाही. ‘मान गेला’ ही तुमची तक्रार ऐकली की मला ही मान आठवते.

आपल्या भाषेत यासाठी शब्दांची दोन जोडपी आहेत. मान तुकवणं आणि मान देणं. शब्द एकच, पण पहिल्यातली मान गळ्यावरची, दुसऱ्यातला मान मनातला. पुढे लवून बसलेल्या माणसाकडे व्यासपीठावरून पाहिलं, तर यातलं काय चाललं आहे ते कळत नाही. दोन्ही सारखीच दिसतात. वाचता येणं ही मोजक्यांची मिरास होती तेव्हा ‘ग्रंथात असं आहे’ हे वाक्य शेवटचं असायचं, कारण ग्रंथ उघडून बघणारं दुसरं कोणी नसायचं. त्या काळच्या मानात तुमच्या विद्वत्तेचा, तपश्चर्येचा वाटा होता हे मी मान्य करतो. त्यात समोरच्याच्या नाइलाजाचाही वाटा होता, हे तुम्ही मान्य करायला हवं. शाळा आली आणि तो नाइलाजाचा वाटा गेला. राहिलं ते खरं तुमचं आहे.

हे आजचं नाही. विल्यम टिंडल या इंग्रज धर्मोपदेशकानं बायबलचा नवा करार मूळ ग्रीकवरून इंग्रजीत आणला आणि १५२६ मध्ये तो छापून झाला. त्याच्या प्रती चोरून इंग्लंडात न्याव्या लागल्या, तिथे त्या जाळल्या गेल्या, आणि १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ टिंडलला गळा आवळून मारून त्याचं प्रेत जाळलं. पुढच्या तीनच वर्षांत, १५३९ मध्ये, इंग्लंडच्या राजाच्या हुकमानं चर्चमध्ये ठेवण्यासाठी इंग्रजी बायबल छापलं गेलं आणि त्यात बराच मजकूर टिंडलचाच होता. इथवर बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. १५४३ मध्ये तिथे कायदा झाला, की कारागीर, शिकाऊ उमेदवार, नोकरचाकर, मजूर आणि सामान्य घरच्या बायका यांनी इंग्रजी बायबल वाचायचं नाही. बड्या घराण्यातल्या स्त्रियांनी आपलं आपण एकटीनं वाचलं तर चालेल. हा कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला माझ्या वर्गाचं हजेरीपत्रक आठवलं. गवंडी, घरकाम करणाऱ्या बायका, दुकानात उमेदवारी करणारी पोरं, शेतमजूर. नेमकी हीच माणसं. कायदा चार वर्षं टिकला, १५४७ मध्ये रद्द झाला. पण भीती कोणाच्या वाचण्याची होती, हे त्यात कायमचं लिहून राहिलं.

याच्या उलटं उदाहरण स्वीडनचं आहे. तिथे लोकांना वाचायला लावलं ते चर्चनंच. १६८६ च्या चर्च-कायद्यानं सगळ्यांनी वाचायला शिकावं असं ठरलं. पाद्री वस्त्यावस्त्यांत जाऊन कुटुंबांची परीक्षा घ्यायचे. कोणाला किती वाचता येतं, वाचलेलं कितपत उमगतं, याच्या नोंदी वह्यांत ठेवायचे. त्या वह्या आजही आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे बहुतेक सगळ्यांना वाचता येत होतं, लिहिता येणारे मात्र खूप कमी, कारण लिहायला शिकवायची चर्चला गरज वाटली नव्हती. एवढं करूनही लोकांनी घरी आपसांत जमून धर्मग्रंथ वाचावेत हे त्या चर्चला मंजूर नव्हतं. १७२६ मध्ये अशा बैठकांवर बंदी घातली गेली. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडच्या खेड्यांतले शेतकरी तरीही जमू लागले. लोक त्यांना ‘लेसारे’ म्हणायचे, म्हणजे वाचणारे. चर्चनं धर्मशिक्षणाची नवी प्रश्नोत्तरी आणि नवी भजनावली आणली, तेव्हा या वाचणाऱ्यांनी जुनी पुस्तकं पुढे ठेवून सांगितलं, की ही नवी शिकवण मूळ शिकवणीशी जुळत नाही. बंदीचा तो हुकूम १८५८ मध्ये मागे घेतला गेला.

तुम्ही ज्यांना धर्मद्रोही समजता त्यांच्यात असे ‘लेसारे’ किती असतील, याचा कधी विचार केला आहे का? ते धर्म सोडायला निघालेले नव्हते. इतरांपेक्षा जास्त मनापासून धरून बसलेले होते. पाद्र्यांनी दिलेली अक्षरं त्यांनी पाद्र्यांपेक्षा गंभीरपणे घेतली एवढंच.

आणि आपल्याच भाषेतली मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, मग आम्ही धर्मपुस्तकाशिवायची माणसं ठरलो, तर आमचा धर्म तरी कोणता, असं तिनं विचारलं. विचारलं थेट देवालाच, की तुझ्याकडून आलेला कोणता धर्म आमचा, ते आम्हाला कळव. मी तो निबंध दरवर्षी वर्गात वाचून दाखवायचो आणि दरवर्षी तेच जाणवायचं: त्यात देवाला नकार नाही. देवाच्या आणि तिच्या मधे ज्यांनी दार लावून घेतलं होतं, त्यांना जाब आहे.

आता दुसरी बाजूही मांडतो. शिक्षण वाढलं की श्रद्धा घटते, असं त्रैराशिक मांडणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत आणि मला ते पटत नाहीत. कॅनडात सक्तीच्या शिक्षणाची वर्षं वाढवली त्या पिढ्यांचा अभ्यास झाला आहे; जास्त वर्षं शाळेत गेलेल्यांत ‘माझा कोणताच धर्म नाही’ म्हणणारे वाढलेले दिसले. अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांत मात्र पदवीधर माणसं सामुदायिक प्रार्थनेला इतरांइतकीच जातात. म्हणजे नुसत्या वर्गखोलीत बसल्यानं काही एकच ठरावीक घडत नाही. कुठली शाळा, तिथे काय शिकवलं, आणि त्याच वेळी बाहेर तुम्ही कसे वागलात, यावर सगळं अवलंबून असतं.

शिवाय पदवी घेतलेली माणसं डोळे मिटून कोणाच्याही मागे जाताना मी पाहिली आहेत. त्याचं मला नवल वाटत नाही. ज्या शाळेत ‘का’ विचारलं की पोराला वर्गाबाहेर उभं करतात, ती शाळा वेगळ्या ग्रंथाचा तोच धाक शिकवते. तिथून बाहेर पडलेला माणूस गुरू बदलतो, सवय बदलत नाही. अशा शाळांबद्दल मी माझ्या पेशातल्या लोकांशीही भांडलो आहे. तेव्हा शिक्षण म्हणताना मला प्रमाणपत्र अभिप्रेत नाही. मावशींची ती नखाची कड अभिप्रेत आहे, जी अक्षर सुटल्याशिवाय पुढे सरकत नसे.

शिकलेल्या माणसांच्या उद्धटपणाबद्दल तुम्ही बोलता, तेही सगळं खोटं नाही. दोन पुस्तकं वाचून आयुष्यभर साधना केलेल्या वृद्ध माणसाची भर सभेत टिंगल करणारे तरुण मी पाहिले आहेत. मला ते आवडत नाही आणि मी ते त्यांना तोंडावर सांगतो. पण हा उद्धटपणा आणि मावशींचा प्रश्न तुम्ही एकाच दावणीला बांधता. टिंगल करणाऱ्याला उत्तर नको असतं. मावशींना हवं होतं.

शिकलेल्या समाजात आणखी एक गोष्ट होते, ती तुम्हाला फार लागते: तुमच्याकडची कामं वाटली जातात. कधीकाळी धर्मगुरू हाच वैद्य, न्यायाधीश, शिक्षक, खगोलशास्त्री सगळं असायचा. मग एकेका कामाचे जाणकार तयार झाले. ते काम त्यांच्या हाती सोपवायला जिथे नकार मिळाला, तिथे मान सगळ्यात जास्त गेला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ठासून मांडल्याबद्दल गॅलिलिओला १६३३ मध्ये दोषी ठरवलं गेलं. त्याच्या बाबतीत आपल्या लोकांची चूक झाली हे पोपनी जाहीरपणे मान्य केलं १९९२ मध्ये. मधल्या साडेतीनशे वर्षांत प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक मुलानं ती गोष्ट ऐकली. पृथ्वीच्या फिरण्याबद्दल धर्मगुरूला ठाऊक नाही, यानं कोणाचा विश्वास उडाला नसता. ठाऊक नसताना शिक्षा दिली, म्हणून उडाला.

त्याच चर्चमधल्या एका माणसानं याचं उत्तर फार सुंदर दिलं आहे. जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मोपदेशक आणि भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावतं आहे हे त्यांनी १९२७ मध्ये मांडलं. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात विश्वाच्या आरंभाबद्दलच्या या नव्या विज्ञानाची सांगड ईश्वरी निर्मितीशी घातली. कोणाही धर्मोपदेशकाला आनंद व्हावा अशी ही गोष्ट. लमेत्र यांना मात्र ते रुचलं नाही. आपला सिद्धान्त श्रद्धेच्या बाजूनं किंवा विरुद्ध साक्ष म्हणून उभा करू नये, असं त्यांचं मत होतं. स्वतःच्या धर्माच्या फायद्याची गोष्टसुद्धा ते ओढूनताणून घ्यायला तयार नव्हते. अशा माणसाच्या शब्दाला शिकलेला समाज वजन देतो.

हा प्रश्न केवळ ग्रहताऱ्यांचा असता तर मी एवढं लांबलचक पत्र लिहिलं नसतं. २००३ मध्ये उत्तर नायजेरियातल्या कानो राज्यात पोलिओची लस थांबवली गेली. लशीत वंध्यत्व आणणारं काहीतरी मिसळलं आहे, असा संशय तिथल्या काही धर्मगुरूंनी आणि राजकारण्यांनी व्यक्त केला होता आणि लोकांनी त्यांचं ऐकलं. लसीकरण २००४ मध्ये पुन्हा सुरू झालं, तोवर तिथला विषाणू इतर अनेक देशांत पोचून मुलांना पांगळं करत होता. पुढे त्याच भागातल्या धर्मगुरूंना आणि परंपरागत प्रमुखांना सोबत घेऊन काम झालं. ते घरोघरच्या पालकांशी बोलले, आपल्या देखत मुलांना लस पाजवली. २०२० मध्ये आफ्रिका खंडात नैसर्गिक पोलिओ विषाणू उरला नसल्याचं जाहीर झालं. तुमच्या शब्दात अजून किती ताकद आहे, ते दोन्ही वेळा दिसलं. एकदा न तपासता उच्चारलेल्या शब्दात आणि एकदा तपासून उच्चारलेल्या शब्दात. मावशींचं मूलही तापानंच गेलं होतं. त्या दिवशी त्यांना ‘डॉक्टरांना विचार, नेमकं काय झालं होतं’ एवढं जरी कोणी सांगितलं असतं, तरी पुढची तीस वर्षं वेगळी गेली असती.

आयर्लंडकडे बोट दाखवून तुमच्यातले काही म्हणतात, की बघा, शिकले आणि चर्च रिकामी झाली. तिथे १९६७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झालं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दहातले नऊ कॅथलिक दर आठवड्याला चर्चमध्ये जात होते. आज तो आकडा कुठल्या कुठे घसरला आहे. पण मधे काय घडलं तेही सांगायला हवं. २००९ मध्ये दोन चौकशी अहवाल आले. एक होता धार्मिक संघांनी चालवलेल्या संस्थांमध्ये मुलांवर झालेल्या अत्याचारांचा. दुसरा डब्लिनच्या धर्मप्रांताचा. तिथे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं कशा दाबल्या गेल्या, त्याचा. तिथल्या आई-बापांना या गोष्टींची कुणकुण आधीही असेल. शिक्षणानं त्यांना तक्रार लिहिता आली, कायदा वाचता आला, आणि ‘एवढ्या मोठ्या माणसाविरुद्ध आपण कसं बोलायचं’ ही भीती उरली नाही. मान घालवला तो अत्याचारानं आणि त्यावर घातलेल्या पांघरुणानं. आणि खरं सांगतो, असं पांघरूण घालून टिकणारा मान गेलाच पाहिजे. कोणत्याही धर्मातला असो.

तुमच्यातच असेही आहेत ज्यांनी वेळीच ओळखलं. आजच्या पोलंडमधल्या क्राकोव शहरात १९१७ साली सारा शेनिरर या शिवणकाम करणाऱ्या ज्यू बाईंनी मुलींसाठी धार्मिक शाळा काढली. मुलगे धर्मशिक्षणाच्या शाळेत जायचे आणि मुली सरकारी शाळेत, त्यामुळे मुलींना जगातलं सगळं कळायचं आणि स्वतःच्या धर्मातलं जवळजवळ काहीच नाही. मुलींना धर्मग्रंथ शिकवायचे नाहीत असा जुना दंडक होता. त्या काळचे अत्यंत आदरणीय रब्बी, ‘खाफेत्स खाईम’ या नावानं ओळखले जाणारे, यांनी निर्वाळा दिला, की जुन्या काळी घरच्या परंपरेतून मुली शिकत होत्या म्हणून तो दंडक चालला. आता काळ तसा राहिला नाही, आता शिकवलंच पाहिजे. अतिशय परंपरानिष्ठ असा हा माणूस. दंडक कशासाठी होता हे त्यानं आधी पाहिलं आणि मग समोरच्या मुलींकडे पाहिलं. त्या शाळांचं जाळं पुढे देशोदेशी पसरलं.

माझ्या स्वतःच्या आयुष्यातलाही एक प्रसंग आहे. वडील गेल्यानंतर मी आमच्या एका वयोवृद्ध धर्मगुरूंना मरणानंतरच्या अवस्थेबद्दल एक अडचणीचा प्रश्न विचारला. ग्रंथात दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, मग खरं काय मानायचं? ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मला माहीत नाही. पाहून सांगतो.” मला वाटलं, विषय मिटला. आठ-दहा दिवसांनी ते काठी टेकत आमच्या घरी आले. हातात कागद होता. त्यावर तीन जुन्या भाष्यकारांची मतं त्यांनी उतरवून आणली होती. एकाचं मत त्यांना स्वतःला पटत नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं. आणि शेवटी पुन्हा म्हणाले, “इतकं पाहूनही मला नक्की माहीत नाही.” मी त्या दिवशी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यापुढे जन्मभर जी मान सवयीनं झुकत होती, ती त्या दिवशी मी आपण होऊन झुकवली.

म्हणून तुमच्याकडे माझं मागणं आहे. ‘ग्रंथात आहे’ असं म्हणाल तेव्हा कुठे आहे तेही सांगा. अध्याय, पान, ओळ. समोरच्याला वाचता येत नसलं तरी सांगा, म्हणजे उद्या त्याची मुलगी उघडून पाहील. जे ग्रंथातलं नाही, रूढीतलं आहे, तिथे ‘ही रूढी आहे’ असं म्हणा. जे तुमचं स्वतःचं मत आहे, तिथे ‘हे माझं मत’ म्हणा. या तीन गोष्टी एका आवाजात सांगितल्या जातात तिथून सगळा घोटाळा सुरू होतो. आजार आला तर डॉक्टरकडे पाठवा आणि स्वतः सोबत जा. तुम्ही दवाखान्यात शेजारी बसलेले असणं याची किंमत तुम्हाला ठाऊक नाही इतकी मोठी आहे. तुमच्यातल्या कोणी पाप केलं तर त्याला आधी तुम्ही उघडं करा. आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाला, विशेषतः मुलीला, सगळ्यांसमोर गप्प बसवू नका. ती एकदा गप्प बसली की घरी गेल्यावर तिचा प्रश्न संपत नाही. तुम्हाला विचारणं तेवढं संपतं.

शिकलेल्या माणसांना धर्मगुरूंची गरज उरत नाही, असं मला वाटत नाही. माझ्या वर्गातून पुढे जाऊन चांगल्या नोकऱ्यांत लागलेली माणसं आई गेल्यावर, मूल अपंग जन्मल्यावर, रात्री झोप लागत नाही म्हणून कोणाकडे तरी जाऊ पाहतात. त्यांना माहिती नको असते, ती त्यांच्याकडे असते. शेजारी बसून खरं बोलणारं माणूस हवं असतं. ती जागा अजून रिकामी आहे आणि ती तुमची आहे.

मावशींचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. ते वाक्य ग्रंथात नाही हे कळल्यावर मावशी त्या धर्मगुरूंकडे गेल्या होत्या. ‘दोन अक्षरं आली म्हणून मला शिकवायला आलीस का’, असं ऐकून परत आल्या. तरी मावशींच्या मनात राग नव्हता. कदाचित दुसऱ्या कुठल्या ग्रंथात असेल, असं त्यांना वाटत होतं, आणि असलं तर त्यांना ते वाचायचं होतं. मग त्यांनी वर्गात बसून धर्मगुरूंना पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं पत्र. चार ओळी लिहायला दोन संध्याकाळी लागल्या. वेलांट्या चुकल्या होत्या; मी दुरुस्त करू का विचारलं, तर नको म्हणाल्या. मायना अगदी आदराचा होता. मजकूर एवढाच, की माझ्या मुलाबद्दल तुम्ही जे सांगितलं होतं ते कुठे लिहिलं आहे, ते मला कळवावं, मी आता वाचू शकते.

कागदाचा खालचा अर्धा भाग त्यांनी कोरा सोडला होता. मी म्हटलं, मावशी, अजून जागा आहे, आणखी काही लिहायचं का? त्या म्हणाल्या, “नको सर. ती जागा त्यांच्या उत्तरासाठी आहे.”

आपला नम्र,
एक साक्षरता शिक्षक